होडीला बोनेट

करुणाने मारलेला जॉइंट पाण्याखाली कधी सुटला नाही. अंथुर्ण्यापासून इंदापूरपर्यंत कुणालाही विचारा, कुरकुरत का होईना, पण माणूस हेच सांगेल. कुरकुर अशासाठी, की ती बाई आहे, बौद्धवाड्यातली आहे आणि तोंडाने फटकळ आहे. यातली एकही गोष्ट बदलायचा तिचा विचार नाही.

बोअरमध्ये मोटार सोडताना केबलच्या तिन्ही वायरी मोटारीच्या वायरींना जोडाव्या लागतात. तो जोड एकदा खाली गेला की वर्षानुवर्षं पाण्यातच राहतो. त्यात केसाएवढी फट राहिली तरी मोटार जळते, मग लावा कप्पी आणि ओढा सगळा पाइप वर. करुणाचे वडील रामभाऊ हेच काम करायचे. त्यांच्यामागं तिनं पक्कड हातात घेतली तेव्हा एक बागायतदार म्हणाला होता, "आता बाईमाणूस जॉइंट मारणार व्हय? मोटार जळली म्हंजी?"

"जळली तर दातानं वर वडीन," करुणा म्हणाली. "आन् न्हाय जळली तर तुमी काय करणार, त्ये आताच बोला."

मोटार अजून चालू आहे.

तिचा धाकटा भाऊ विकी बारामतीला आयटीआय करत होता. त्याला नाद लागला रिमोटवर चालणाऱ्या होड्यांचा. मोबाईलवर बघून बघून त्यानं ड्रेनेजच्या पाइपाचा तुकडा, दोन टोप्या आणि पुण्याहून मागवलेली एवढीशी मोटार यांची होडी केली. ओढ्याला पाणी कुठलं? पण शेततळी होती. गावातल्याच सिद्धूच्या शेततळ्यात त्यानं होडी सोडली. मध्यावर जाऊन ती थांबली. बॅटरीचा पिवळा प्लग उघडाच होता, पाणी उडून भिजला होता. विकी होडी आणायला आत उतरला.

जाहिरातीत शेततळं फार देखणं दिसतं. पाण्यात आभाळ, काठावर हसणारा शेतकरी. प्रत्यक्षात चारी बाजूंनी प्लॅस्टिकचा उतरता काळा कागद असतो आणि कागदावर शेवाळ. आत जायला काहीच लागत नाही, पाय आपोआप जातो. वर यायला मात्र पायाला काहीच सापडत नाही. चांगला पोहणारासुद्धा कागदाला नखं लावून लावून दमतो आणि मग खाली जातो. विकीच्या वेळी काठावर माणसं होती. दोरही होता. पण पाण्यानं भिजलेला दोर फेकला की अलीकडेच पडायचा. आत उतरायची कुणाची छाती झाली नाही, आणि झाली असती तर एकाऐवजी दोघं गेले असते.

कागदोपत्री त्याला अकस्मात मृत्यू म्हणतात. करुणाला हा शब्द अजून गिळता आलेला नाही. "कुंपण न्हाय, काठाला बांधलेला दोर न्हाय, आन् अकस्मात? सगळ्यास्नी म्हाईत असलेलं अकस्मात कसं आसंल?"

सिद्धूला ती हे तोंडावर बोलली होती. सिद्धू वाईट माणूस नव्हे. त्यानं मान खाली घातली, पण कुंपण घातलं नाही.

मग तिनं होडी बांधायला घेतली. विकीच्या होडीपेक्षा मोठी, दोन पाइप शेजारी शेजारी जोडलेली. तिच्या मागं नायलॉनचा हलका दोर, आणि दोराला हवा भरलेली स्कूटरची ट्यूब. काठावरच्या माणसानं रिमोटनं होडी बुडणाऱ्याजवळ न्यायची, त्यानं ट्यूब धरायची, बाकीच्यांनी ओढायचं. एवढंच. यात शोध वगैरे काही नाही, असं ती स्वतःच सांगायची. तिचा सगळा जीव अडकला होता तो त्या पिवळ्या प्लगात. विकीला होडीनं नव्हतं मारलं, त्या उघड्या प्लगानं मारलं होतं, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आणि प्लगाचं काम तिच्या हाताला नवं होतं. बोअरचा जॉइंट एकदा मारला की कायमचा. हा प्लग मात्र चार्जिंगसाठी दर वेळी उघडायचा, आणि पुन्हा पाण्याला तोंड देईल असा बंद करायचा. मागची बाजू सोपी होती. सोल्डर मारलं, वर काळी स्लीव्ह ओढली, गरम करून आवळली, झालं. पुढचं तोंड ऐकेना. इंदापुरात युनूसभाईंचं मोटारीच्या सामानाचं दुकान आहे, त्यामागच्या हौदात तिच्या कितीतरी होड्या मधोमध बंद पडल्या. युनूसभाई स्टुलावर बसून म्हणायचे, "करुणा, हौदात मासं पाळलं असतं तर आत्तापर्यंत धंदा झाला असता."

शेवटी जमलं. प्लगाच्या तोंडात पांढरं ग्रीस भरायचं, दोन्ही अर्धे दाबून एकमेकांत बसवायचे, वर सायकलच्या ट्यूबची बाही चढवायची आणि बाहीवर टेपचे वेढे घालायचे. प्लग जोडलेलाच ठेवायचा, बाजूचं बटण तेवढं बंद. कुणी पडलं की बटण दाबायचं आणि होडी सोडायची.

शेततळेवाल्यांना तिनं दारोदार जाऊन गाठलं. काहींनी टाळलं, काहींनी होडी घेतली. प्रत्येकाला तिनं दम दिला. "दर अमुशेला चार्जिंग करायचं. आन् चार्जिंग झालं की गिरीस, बाही, टेप. प्लग उघडा दिसला तर होडी उचलून नेणार, मग रडू नका."

"अमुशेला?" जोतीराम आबा मिशीत हसले होते. "करुणाबाई, तुमी तर आसलं काय मानत न्हाय!"

"मी न्हाय मानत आबा. पण तुमी तारीख इसरता. अमुशा इसरत न्हाय."

आबा खळखळून हसले. होडी घेणारे ते पहिले. अंथुर्ण्याला त्यांची डाळिंबाची बाग, बागेच्या टोकाला तळं. शेवटचा सिद्धू. तो वर्षभर तिला चुकवत राहिला. होडी ठेवून घ्यायची म्हणजे त्या दिवशी इथं काहीतरी कमी होतं, हे कबूल करायचं, आणि ते त्याला जड जात होतं. शेवटी या उन्हाळ्यात मोटारीच्या खोलीकडं बोट दाखवून, तिच्याकडं न बघता तो म्हणाला, "ठिव तितं." त्या दोन शब्दांसाठी करुणानं किती हेलपाटे घातले होते, ते तिच्या स्कूटरला माहीत. विकी जिथं गेला त्या पाण्याच्या काठावर होडी उभी राहिली. बाकी सगळं जाऊ दे, ही एक होडी तिथून हलता कामा नये, एवढंच तिला हवं होतं.

दसऱ्याला ती गावात नव्हती. कधीच नसते. दौंडहून गाडी धरून ती आणि आई भागूबाई दीक्षाभूमीला जातात, पांढरी साडी नेसून, भाकरीचं गाठोडं घेऊन. आपल्यामागं गावात त्या दिवशी काय काय धुतलं जातं, कशाकशाला हार पडतो, याच्याशी तिचा लहानपणापासून संबंध आला नव्हता.

दिवाळी अजून पुढं होती. आबांच्या बागेत कामाला असलेली तुळसा हात धुवायला तळ्याच्या कडेला वाकली आणि घसरली. तुळसा पन्नाशीची, अंगानं दणकट, पण पोहणं कुठलं. आबा धावले. होडी जागेवर होती, दोर गुंडाळलेला होता, सगळं करुणानं शिकवलं होतं तसंच. बटण दाबलं, होडी सुटली. आबांचा हात रिमोटवर बसलेला होता, होडी सरळ तुळसाच्या दिशेनं निघाली. काठावरची माणसं ओरडायला लागली, "आली, आली, मावशे, धर!"

मध्यावर मोटारीचा आवाज मऊ पडला. मग बंदच झाला.

तुळसा पाण्यातून हात वर करत होती आणि होडी तिच्यासमोर, हात पुरणार नाही एवढ्या अंतरावर नुसती डुलत होती. आबा रिमोट दाबत राहिले. आबांच्या सुनेनं ठिबकच्या नळीचं बंडल फरफटत आणलं, दोघा गड्यांनी ती काळी नळी पाण्यावर लांबवत लांबवत पुढं सरकवली, आणि तुळसाच्या बोटांना ती लागली. वर काढली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. इंदापूरला दवाखान्यात नेली. वाचली.

माणूस वाचलं, पण होडी बुडाली म्हणायची. संध्याकाळपर्यंत सगळीकडं झालं, करुणाच्या होडीनं ऐन वेळी घात केला. पहिला फोन सिद्धूचा.

"होडी घिऊन जा."

"सिद्धू, आदी मला बघू तर दे काय झालंय."

"काय बघायचं? होडी हाय म्हणून मानसं होडीकडं बघत बसली. नसती तर आदीच नळी टाकली असती. तुज्या होडीपरीस नसलेली होडी बरी." जरा थांबून तो म्हणाला, "लक्ष्मीपूजनापतोर न्ये. न्हायतर गेटाभायेर ठिवीन."

तो खोटं बोलत नव्हता, हेच करुणाला झोंबलं.

आबांकडची होडी तिनं स्कूटरला बांधून युनूसभाईंच्या दुकानात आणली. टेप सोडवला. एकेक वेढा घट्ट, जागच्या जागी. बाही उतरवली. ग्रीस भरपूर, हात राखून भरलेलं नव्हतं. मग तिनं प्लग ओढला आणि दोन्ही अर्ध्यांच्या मधून लालसर हिरवा चिखल बाहेर आला. सोनेरी पिना हिरव्यागार, अर्ध्या खाल्लेल्या. बोटानं तिनं तो चिखल पुसला. त्यात एक तांदूळ होता.

ती त्या तांदळाकडं बघत राहिली. युनूसभाईंनी चष्मा वर केला, वास घेतला.

"नारळ," ते म्हणाले. "आन् हळद-कुंकू. दसऱ्याला पूजा घातलेली दिसती."

सगळं एकदम उलगडलं. पूजेसाठी टेप-बाही काढून प्लग उघडला असणार. नारळाच्या पाण्यात क्षार, त्यात बॅटरी जोडलेली. वर ग्रीस, बाही, टेप. ओल आत कोंडली आणि दोन पिनांच्या मधे बसून तांबं खात राहिली. होडी जरा चालली, मोटारीनं जोर मागितला, आणि कुजलेल्या पिनांतून तो आलाच नाही.

"मी आत्ता जाते," करुणा उठली. "चौकात उभी ऱ्हाऊन सांगते. म्हनं करुणाच्या होडीनं घात केला! तुमच्या नारळानं केला म्हणावं!"

"बस खाली."

"का बसू?"

"बस म्हणतोय न्हवं." युनूसभाईंनी दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं. "तू चौकात काय म्हणशील? पूजेमुळं प्लग कुजला. संध्याकाळच्याला काय होतंय त्येचं? बौद्धवाड्यातली करुणा म्हणती, हिंदूंच्या पूजेनं माणूस मरायला लागलं. आन् त्ये कुठं उघडलं? युनूसच्या दुकानात. मग तुजी होडी ऱ्हाती बाजूला, तुळसाबाई ऱ्हाती बाजूला, मोबाईलवर नुसतं तू आन् मी. कळतंय का?"

"म्हंजी गप बसू? परवा लक्ष्मीपूजन हाय युनूसभाई! सगळी परत नारळ फोडणार. परत प्लगात घालणार, परत माझ्या हुकमानं टेप मारणार. आन् सिद्धूच्या तळ्यावरनं होडी जानार ती जानारच!"

युनूसभाईंच्या स्वतःच्या शटरला दसऱ्याचं झेंडूचं तोरण अजून लटकत होतं, सुकलेलं. शेजारच्यांनी बांधलं होतं, त्यांनी काढलं नव्हतं. गावात राहायचं तर माणूस असं बरंच काही काढत नाही.

तिथून करुणा दवाखान्यात गेली. तुळसा खाटेवर बसून चहा पीत होती, आवाज बसलेला. करुणाला बघून म्हणाली, "आलीस? तुज्या होडीनं मला लांबनंच रामराम केला बघ."

करुणाला हसू आलं नाही. तिनं दार पुढं ढकललं आणि सगळं सांगितलं. का सांगितलं, तिचं तिलाच माहीत. जिचा जीव जात होता तिला सांगायचं नाही तर कुणाला? तुळसानं ऐकून घेतलं, बशीतला चहा संपवला.

"मग कुंकू लावावं कुठं?"

"कुठंच लावू नका! होडी हाय ती, द्येव न्हाय."

"ट्रॅक्टर बी द्येव न्हाय. लावतोच की." तुळसा खोकली, पाणी प्यायली. "पण डिझेलच्या टाकीत कुनी कुंकू वतत न्हाय. बोनेटला लावत्यात. तुज्या होडीला म्होरं काय हायच न्हाय बाई. नुसतं पाइप आन् मदी त्यो पिवळा चमकणारा. मानूस लावनार कुठं? चमकतंय तितंच लावनार. होडीला बोनेट कर."

करुणा ताडकन उठली. "मी? पूजेला जागा करू? माझ्या हातानं?"

"मग नगं करू," तुळसा आडवी झाली. "मी काय परत पडत न्हाय. दुसरं कुनी पडंल."

रात्री घरात पत्रा कापायचा आवाज यायला लागला तेव्हा भागूबाई दारात येऊन उभी राहिली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली विकीचा. मधे करुणा, मांडीवर स्टीलचा पत्रा.

"काय चाललंय?"

करुणानं सांगितलं. भागूबाई ऐकत होती, आणि तिचा चेहरा ताठ होत चालला होता.

"तुजा बाप पाटलाच्या दारात नारळ घ्यायला उभा न्हाय ऱ्हायला कधी. आन् तू त्येंच्यासाठी पूजेचं ताट घडीव. उद्या घंटा बी बांध."

"आई, मी कुठं पूजा करतीय?"

"करत न्हाईस. करवतीस."

चौकात कुणी असं बोललं असतं तर तिनं त्याची चामडी लोळवली असती, पण हे आईचं होतं आणि तिला स्वतःलाही आतून तेच वाटत होतं. तिनं कात्री खाली ठेवली. बराच वेळ विकीच्या फोटोकडंही बघितलं नाही, बाबासाहेबांच्याही नाही. मग कात्री पुन्हा उचलली. कडा घासून गुळगुळीत केल्या, कुणाचं बोट कापू नये म्हणून. भागूबाई आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपली.

आबांना तिनं सकाळी बांधावर गाठलं. आबा त्या दिवसापासून रिमोट खिशातच ठेवून हिंडत होते, असं सुनेनं वाटेत सांगितलं. चौकात सांगायचं ते मोठ्या आवाजातलं भाषण करुणानं वाटेत कितीदा तरी घोकलं होतं. आबांनीच आधी विचारलं, "माज्या हातनं काय चुकलं का?"

भाषण गेलं. "व्हय आबा. प्लगात नारळाचं पाणी गेलं."

आबांनी आपला तळहात उलटसुलट करून बघितला. "मीच म्हणलं, ट्रॅक्टर ऱ्हाऊ द्या, आदी होडीला फोडा. तिनं मानसं वाचवायचीत." मग घाईनं म्हणाले, "पण तू सांगितल्यावानी गिरीस भरलं गं. बाही चढवली. टेपचा एक येढा कमी केला न्हाय."

"त्येच झालं आबा. पाणी आतच कोंडलं."

"मग पूजेचं आमाला सांगायचं न्हाईस व्हय?"

"माझ्या ध्यानात कसं येईल? आमच्यात पूजाच न्हाय."

"आन् आमच्या ध्यानात कसं येईल?" आबा म्हणाले. "आमच्यात हायच."

खाली तळ्याचं पाणी वाऱ्यानं हलत होतं. करुणानं पिशवीतून पत्रा काढला, स्कूटरला बांधून परत आणलेल्या होडीच्या तोंडाला बसवून दाखवला. नवा प्लग तिनं मागं, काळ्या डबीत, झाकणाखाली लपवला होता. "काय लावायचं आसंल त्ये हितं लावा. हिच्या मागं वला हात न्यायचा न्हाय. हा माझा हुकूम हाय."

आबांनी पत्र्यावरून बोट फिरवलं. त्यांच्या डोळ्यांत तुळसाचा वर आलेला हात होता, आणि तो आता तिथून लवकर जाणार नव्हता, हे करुणाला दिसलं. विकीच्या वेळी कुणाच्या तरी डोळ्यांत असं काही दिसावं म्हणून ती वर्षभर माणसांची तोंडं बघत हिंडली होती. आता दिसलं तर तिला ते बघवेना.

बाकीच्या होड्यांना तिनं त्याच दिवशी फिरून पत्रे ठोकले, प्लगांना डब्या बसवल्या. कुणाला खरं कारण सांगितलं, कुणाला नुसतं "मॉडेल बदललंय" म्हणाली. प्रत्येकाच्या तोंडाकडं बघून तिनं ठरवलं, याला किती पचेल. सिद्धू गेटावर होता.

"मी न्यायला सांगितली हुती."

"पत्रा बसवू दे. मग ठिवायची का टाकायची तू ठरीव."

"आबा आलते सकाळी." सिद्धू प्रथमच तिच्याकडं सरळ बघत होता. "रडत हुते. म्हणाले, होडीचा दोष न्हाय, माझा हाय. म्हातारं मानूस, आसं रडतंय, बरं दिसतंय का?"

"तू कधी रडलास का सिद्धू?"

तोंडातून निघून गेलं. तिला वाटलं, संपलं. तो वळला आणि गेट उघडं टाकून घराकडं चालायला लागला. ना हो, ना नाही. तिनं मोटारीच्या खोलीत जाऊन पत्रा बसवला, प्लग तपासला, झाकण लावलं आणि निघाली.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्कूटर घेऊन त्या रस्त्याला आली. गेटाबाहेर होडी नव्हती. म्हणजे भंगारात घातली असेल, असं तिच्या मनानं आधीच ठरवून टाकलं. गेट ढकलून ती मोटारीच्या खोलीपाशी गेली.

होडी जागेवर होती. पत्र्यावर हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट, आणि बाजूला झेंडूचं एकच फूल. करुणानं काळ्या डबीचं झाकण उघडलं, बाही सरकवली, प्लग ओढून आत बघितलं. पिना कोरड्या, सोनेरी. तिनं नवं ग्रीस भरलं, प्लग बसवला, बाही चढवली.

मग ती तिथंच उकिडवी बसली. ज्या खुणेवर ती जन्मभर तोंडसुख घेत आली, ती त्या पत्र्यावर बघून तिच्या जिवात जीव आला होता, आणि त्याचा तिला संताप आला होता. विकी असता तर हसून हसून लोळला असता. हे आईला सांगता येणार नव्हतं.

समोर काळा कागद उन्हात तापत होता. कुंपण अजूनही नव्हतं. ती उठली, कुंकू पुसलं जाणार नाही अशा बेतानं होडी उचलून काठाच्या आणखी जवळ ठेवली, आणि कुंपणाचं बोलायला सिद्धूच्या घराकडं निघाली.